८० टक्के भाऊबंद कोणी नसतो

जळगावातल्या आमच्या वर्गात हजेरी घेताना पाटील आडनाव दहा-बारा वेळा येतं. कोणी रावेरचा, कोणी अमळनेरची, कोणी पारोळ्याचा. आडनाव एक म्हणून त्यांना कोणी भाऊबंद म्हणत नाही; त्यासाठी मूळपुरुष एक लागतो. खेड्यातल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. तरी संगणकीय जीवशास्त्राच्या होमवर्कमध्ये दरवर्षी तेच वाक्य येतं: 'ही दोन प्रथिनं ८२ टक्के होमॉलॉगस आहेत.' होमॉलॉगस म्हणजे भाऊबंद; या वाक्याचे मी गुण कापते, म्हणून का कापते तेही सांगायला हवं.

साम्य मोजता येतं. दोन सीक्वेन्स, म्हणजे प्रथिनांतल्या अमिनो आम्लांचे क्रम, एकाखाली एक मांडायचे, किती जागी तेच अमिनो आम्ल आलं ते मोजायचं, टक्के काढायचे. होमॉलॉजी म्हणजे दोघांचा पूर्वज एकच असणं. तो असतो किंवा नसतो. प्रथिनाचा एखादाच तुकडा सामाईक असू शकतो. तेव्हा तो कुठून कुठपर्यंत ते लिहावं, टक्के लिहू नयेत. या घोळाला कंटाळून १९८७ साली अकरा शास्त्रज्ञांनी 'सेल' नियतकालिकात पत्र लिहिलं होतं. घोळ अजून चालूच आहे.

गंमत टक्क्यांच्या अर्थात आहे. माणसाच्या स्नायूंतलं मायोग्लोबिन आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनची अल्फा साखळी यांच्यात जेमतेम पाव भाग सारखा आहे. पण घडी (प्रथिनाचा त्रिमित आकार) तीच, हीम (ऑक्सिजन पकडणारा लोहयुक्त भाग) धरायची जागा तीच, पूर्वज एक. आता डीएनए घ्या. अक्षरं चारच, त्यामुळे काहीही संबंध नसलेले दोन सीक्वेन्स शेजारी ठेवले तरी साधारण २५ टक्के अक्षरं आपोआप जुळतात. म्हणजे तोच पाव एकीकडे नात्याची खूण आणि दुसरीकडे निव्वळ योगायोग. आकडा एकट्याने काही सांगत नाही, हे मुलांच्या मनात ठसावं म्हणून मी हा प्रश्न हटकून देते.

दुसरा प्रश्न घरचा आहे. रावेर-यावलकडे केळीवर पडणाऱ्या सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या विषाणूचं आवरणाचं प्रथिन, २१८ अमिनो आम्लांचं, ब्लास्टमध्ये, म्हणजे डेटाबेसमधले सारखे सीक्वेन्स शोधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टाकायचं. जुळणीचे टक्के सगळेच लिहितात. मला त्यासोबत जुळणी किती लांबीवर झाली तेही हवं, कारण २१८ पैकी दहाच जागांवर ९० टक्के साम्य असेल तर त्यावर नातं उभं राहत नाही. ई-व्हॅल्यू हवी: एवढं किंवा याहून चांगलं साम्य योगायोगाने किती वेळा सापडलं असतं, त्याचा तो अंदाज. डेटाबेस वाढला की तो आकडा बदलतो, म्हणून डेटाबेसचं नाव आणि तारीखही लिहावी.

उलट बाजूही लक्षात ठेवा. सबटिलिसिन आणि कायमोट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या दोन्ही एन्झाइमांत सेरीन, हिस्टिडीन, ॲस्पार्टिक आम्ल हे तेच त्रिकूट काम करतं. पण घडी वेगळी आणि सीक्वेन्समध्ये त्यांचा क्रमही वेगळा. इथे काम सारखं, घराणं नाही.

मग वहीत लिहायचं काय? 'जवळपास पूर्ण लांबीवर ८२ टक्के साम्य, ई-व्हॅल्यू शून्याच्या अगदी जवळ. यावरून ही प्रथिनं होमॉलॉगस असावीत असा निष्कर्ष काढते.' साम्य हा पुरावा आणि होमॉलॉजी हा निष्कर्ष, दोन्ही आपापल्या जागी असले की मी पूर्ण गुण देते.