सरावलेली पेशी: सोशिक की तरबेज?

‘सरावलेला’ म्हटलं की दोन माणसं डोळ्यांसमोर येतात. एक रुळांशेजारी राहणारा, ज्याला गाडीचा खडखडाट ऐकूच येत नाही. दुसरा रोज तालमीत घुमणारा पहिलवान. रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशी दोन्ही अर्थांनी सरावतात, म्हणून तर गफलत होते.

एंडोटॉक्सिन म्हणजे ई. कोलाय, साल्मोनेला अशा जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड. टीएलआर-4 या रिसेप्टरमुळे पेशीला त्याचा सुगावा लागतो. ती टीएनएफसारखी रसायनं सोडते आणि ताप चढतो. 1940च्या दशकात पॉल बीसन यांनी सशांना टायफॉइडची लस पुन्हा पुन्हा टोचली, तेव्हा ताप दर खेपेला कमी भरू लागला.

प्रयोगशाळेतल्या प्लेटमधल्या पेशींवरही हे दिसतं. मोनोसाइटना किंचित एंडोटॉक्सिन द्या, दुसऱ्या दिवशी धुऊन पुन्हा द्या: टीएनएफ जेमतेम. ही झाली सोशिक पेशी. आता पहिल्या वेळी एंडोटॉक्सिनऐवजी यीस्टच्या भिंतीतलं बीटा-ग्लुकान द्या, पेशी धुवा, पाचसहा दिवस थांबा आणि मग एंडोटॉक्सिन द्या. टीएनएफ नेहमीपेक्षा जास्त! ही तरबेज पेशी. हीच ‘प्रशिक्षित प्रतिकारशक्ती’. संशोधक मिहाई नेतेआ आणि सहकाऱ्यांनी 2011मध्ये तिला हे नाव दिलं. आपल्या डाव्या दंडावर जिचा वण असतो, ती बीसीजीही मोनोसाइटना असंच तयार करते. यात अँटीबॉडीचा काही संबंध नाही.

सोशिक पेशीला ‘थकलेली’ म्हणतात, ते मला पटत नाही. 2007मध्ये संशोधक मेझितोव्ह यांच्या गटाने उंदरांच्या मॅक्रोफेजमध्ये, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींमध्ये, पाहिलं, तर भडका उडवणारी जनुकं बंद होती, पण जंतू मारणारी प्रथिनं बनवणारी जनुकं चालूच, काही तर आधीपेक्षा जोमात. म्हणजे आरडाओरडा बंद, काम चालू. डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोनवरच्या रासायनिक खुणांवर हे ठरतं. टीएनएफच्या जनुकापाशी ‘उघडं ठेवा’ म्हणणाऱ्या खुणा सोशिक पेशीत पुन्हा उमटत नाहीत; तरबेज पेशीत त्या टिकून राहतात.

सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने सगळ्या शरीरात भडका उडतो तेव्हा, मात्र सोशिकपणा अंगाशी येतो. पहिल्या वादळातून रुग्ण वाचतो, पण मोनोसाइट गप्प पडलेल्या असतात आणि आयसीयूतला दुसराच जंतू डाव साधतो. 2016मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी एंडोटॉक्सिनने गप्प पाडलेल्या मोनोसाइटना प्लेटमध्ये बीटा-ग्लुकान दिलं. त्या पुन्हा टीएनएफ बनवू लागल्या.