पार्श्वभूमी : विद्यापीठ नवं, धावणं जुनं

बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० सालचं. वय लहान, त्यामुळे भूतरामनहट्टीच्या, म्हणजे त्याच्या आवारातल्या, क्रीडा विभागाची तुलना धारवाडच्या किंवा कोल्हापूरच्या जुन्या विद्यापीठांशी करणं बरोबर नाही. पण बेळगावातलं धावणं काही विद्यापीठाने आणलेलं नाही. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. त्या वर्षी अंतरही नेहमीपेक्षा जास्त होतं, ४२.७५ किलोमीटर. २ तास ५१ मिनिटांच्या आत ते पोचले आणि एकोणिसावे आले. दोराबजी टाटांनी पाठवलेल्या त्या संघाची सुरुवात पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरच्या शर्यतींतून झाली होती. विद्यापीठाचा त्यात संबंध नव्हता.

इथली कॉलेजं आली ती मुंबई विद्यापीठाला जोडलेली. लिंगराज कॉलेज १९३३ चं. १९४९ मध्ये कर्नाटक विद्यापीठ निघालं, वर्षभरात धारवाडला गेलं. म्हणजे १९५६ ला राज्य बदलण्याआधीच आमचं विद्यापीठ बदललं होतं, हे आजही बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पुढची साठ वर्षं निवड चाचणी म्हटली की धारवाड. खानापूरच्या पोराने लोंढा-अळणावर मार्गे रेल्वेने जायचं, पिशवीत भाकरी-चटणी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले स्पाइक्स.

२०१० ला कर्नाटक विद्यापीठाच्या इथल्या पदव्युत्तर केंद्राचंच राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं आणि बेळगाव, विजापूर, बागलकोट हे तीन जिल्हे त्याच्याकडे आले. सायकलिंगमध्ये विजापूर-बागलकोटच्या मुलांचा दबदबा होताच, तो आयता मिळाला. आता बागलकोटला स्वतंत्र विद्यापीठ झालंय, तेव्हा तिकडचे सायकलपटूही त्यांचे.

सीमेची खरी गंमत कबड्डी-व्हॉलीबॉलमध्ये. आंतरविद्यापीठ स्पर्धा विभागवार होतात : कर्नाटकातली विद्यापीठं दक्षिण विभागात, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ पश्चिम विभागात. सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडच्या कॉलेजातला पोरगा आणि अलीकडच्या बेळगुंदीहून बेळगावच्या कॉलेजात येणारा पोरगा गावच्या जत्रेत एकाच मैदानावर खेळतात. विद्यापीठाची जर्सी अंगात घातली की मात्र त्यांची गाठ पडायची तर दोघांनीही अखिल भारतीय फेरी गाठायला हवी.

आणि चांगला पळणारा पदवीपर्यंत टिकतोच असं नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून गावातच; घरोघरी कुणीतरी फौजेत. पहाटे पाचला व्हॅक्सीन डेपोच्या मैदानावर पाहा, पोरं भरतीच्या १६०० मीटरसाठी पळत असतात, एक जण मोबाइलवर वेळ लावून उभा. कॉलेजचे फिजिकल डायरेक्टर संघाची यादी घेऊन त्यांच्यातच उमेदवार शोधतात.

"आंतरविद्यापीठला येणार ना रे?"

"येतो की सर. तेवढ्यात कॉल लेटर आलं नाही तर."