हरवलेलं डिझेल हाताला लागतं

शहाद्याजवळच्या आमच्या गावात नानांची जीप शेंबड्या पोरालाही ओळखू येते. नव्वदच्या दशकातली, डिझेलवर चालणारी, लागेल तेव्हा चारही चाकांना ताकद देणारी. उसाच्या फडातल्या चिखलातून, पपईच्या बागेच्या बांधावरून ती रोज जाते आणि वर्षातून पाच-सहा वेळा तोरणमाळचा घाटही चढते. यंदा पोळ्याच्या सुमाराला नाना म्हणाले, "गाडी भलतं डिझेल पेस रे." पूर्वी लिटरला अकरा किलोमीटर जाणारी जीप 7.4 वर आली होती. एका गॅरेजवाल्यानं बॉनेटही न उघडता निदान केलं होतं, इंजिन कामाला आलंय. म्हणजे पिस्टन, रिंगा, लायनर, सगळं नवं. खर्चाचा आकडा ऐकल्यापासून नाना गप्प गप्प होते.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. नानांना म्हटलं, इंजिन उघडायच्या आधी मला आठ दिवस द्या. कारण हा प्रश्न मुळात हिशेबाचा आहे.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण 36 मेगाज्यूल ऊर्जा असते. विजेच्या मीटरच्या भाषेत दहा युनिटं. एवढी सगळी चाकांपर्यंत कधीच पोचत नाही. रुडॉल्फ डिझेलनं 1897 मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्गला आपल्या इंजिनाची चाचणी दिली, तेव्हा इंधनातली सुमारे 26 टक्के ऊर्जा कामाला आली होती आणि त्या काळी तो चमत्कार होता, कारण वाफेची इंजिनं याच्या जवळपासही नव्हती. जुन्या जीपच्या बाबतीत आजही चौथा हिस्सा धरला तर फारसं चुकत नाही. म्हणजे लिटरमागे नऊ मेगाज्यूल कामाचे, बाकीचे रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे हवेत. हे नऊ मेगाज्यूल हवा कापायला, टायर दबत-फुगत फिरवायला, चढ चढायला आणि गिअर-बेअरिंगचं घर्षण भागवायला जातात.

ऊर्जा नाहीशी होत नाही, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. जीपपुढे उभं राहिलं की त्याचा अर्थ कळतो. जास्तीचं डिझेल जळत असेल तर ते गाडीत कुठंतरी उष्णता होऊन बसलेलं असणार. नाहीतर धूर होऊन जात असणार, किंवा न जळताच थेंबाथेंबानं गळत असणार. या तिन्ही गोष्टी हाताला, डोळ्याला आणि नाकाला सापडतात.

पण आधी खरोखर किती जातंय ते मोजायला हवं. नानांची पद्धत गावात सगळ्यांची असते तीच, काटा खाली आला की हजाराचं डिझेल टाकायचं आणि अंदाज बांधायचा. काटा तिरका उभ्या गाडीत वेगळं सांगतो, सपाटीवर वेगळं. म्हणून टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल. तोच पंप, गाडी त्याच जागी उभी, नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं. मधे निदान तीस-चाळीस लिटर जळू द्यायचे. भरताना एका लिटरची चूक झाली तर दहा लिटरच्या हिशेबात ती दहा टक्के असते, चाळीस लिटरच्या हिशेबात अडीच टक्के. आपल्याकडच्या उन्हाची भरही त्यात असते. डिझेल वीस अंशांनी तापलं की दीड टक्क्याहून थोडं जास्त फुगतं, म्हणून भरायची वेळही तीच ठेवायची, सकाळची.

लिटर मोजून झाले, पण किलोमीटर खरे आहेत का? हे फार थोडे लोक विचारतात. जीपचा मीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. नानांनी गेल्या वर्षी चिखलासाठी मोठे, खोल नक्षीचे टायर घातले होते. आधीच्या टायरचा व्यास 733 मिलिमीटर, नव्यांचा 787. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर जातं आणि मीटरला ते कळतच नाही. मीटरवर शंभर दिसतात तेव्हा जीप एकशे सात किलोमीटर गेलेली असते. महामार्गावरचे मैलाचे दगड मोजून खात्री केली. सात टक्के परत मिळाले आणि 7.4 चं अॅव्हरेज 7.9 झालं. एक पानाही न लावता! अर्थात खोल नक्षीचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो, त्याची किंमत वेगळी द्यावी लागते. टायरमधली हवाही कमी निघाली. तापीच्या वाळूत गाडी रुतू नये म्हणून कधीतरी उतरवलेली, पुन्हा भरायची राहिली होती.

मग मी नानांना घेऊन प्रकाशा गावाच्या रस्त्याला गेलो. तापीकाठची ती सपाटी अशा कामाला फार चांगली. सकाळी सहाला, वारा पडलेला, मागेपुढे कुणी नाही. चाळीसचा वेग धरायचा, गाडी न्यूट्रल करायची आणि काटा विसावर येईपर्यंत सेकंद मोजायचे. एकदा जाताना, एकदा येताना, म्हणजे रस्त्याचा न दिसणारा उतार आणि वारा एकमेकांना खोडून काढतात. इंजिन आता चाकांपासून तुटलेलं असतं. गाडीला मागे ओढतंय ते फक्त टायर, बेअरिंग, ब्रेक आणि हवा. पंधराशे किलोची जीप आणि बरे टायर धरून मी आदल्या रात्री आकडेमोड केली होती, साधारण तीस सेकंद यायला हवेत. नानांची जीप वीस सेकंदांत विसावर आली. टायरमध्ये नीट हवा भरलेली असूनही.

या एका चाचणीनं संशयाची दिशा फिरली. इंजिन कितीही झिजलेलं असलं तरी न्यूट्रलमध्ये गाडी लवकर थांबण्याशी त्याचा काही संबंध नाही. तीस आणि वीस सेकंदांतला फरक म्हणजे सुमारे दीडशे न्यूटनची ओढ, पंधरा किलोचं वजन सतत मागे लोंबत असल्यासारखी. ती दहा किलोमीटर चालली तर दीड मेगाज्यूल खर्च होतात. एवढ्या उष्णतेवर चार-पाच लिटर पाणी उकळीला येतं. एवढी उष्णता चाकापाशी लपून राहूच शकत नाही.

म्हणून परतताना दहा किलोमीटर ब्रेकला शक्यतो पायच लावायचा नाही असं ठरवलं. गाडी आपोआप मंदावू दिली, थांबवली आणि खाली उतरून एकेका चाकाजवळ हात नेला. डावीकडची दोन कोमट. पुढचं उजवं कोमट. मागच्या उजव्या ड्रमजवळ तळहात नेला तसा मागे घेतला, आच लांबूनच लागली. बाटलीतलं पाणी शिंपडलं तर चर्र आवाज झाला. नाना वाकून बघत होते. म्हणाले, "म्हणजे माझं डिझेल इथं बसलंय का?"

तिथंच बसलं होतं. मिस्तरींनी ड्रम उघडला तेव्हा ब्रेकच्या सिलिंडरचा पिस्टन गंजून अडकलेला दिसला. चिखलपाणी आत जाऊन जाऊन हे होतं. पाय काढला तरी ब्रेकचा लायनर ड्रमला घासतच राहायचा. हिशेब असा, शंभर किलोमीटरला पंधरा मेगाज्यूल, म्हणजे लिटरमागे नऊ धरले तर पावणेदोन लिटर डिझेल नुसतं त्या ड्रमला तापवण्यात. नुकसान डिझेलचं झालंच, पण माझ्या जिवाला घोर लागला तो वेगळ्या कारणानं. असा ड्रम घेऊन नाना घाट उतरत होते. तापलेल्या ब्रेकमधलं ऑइल उकळलं तर पॅडल पोकळ होऊन खाली जातं.

घाटाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. शहाद्याहून तोरणमाळ सुमारे हजार मीटर वर आहे. पंधराशे किलो एवढ्या उंचीवर न्यायला पंधरा मेगाज्यूलच्या आसपास, म्हणजे दीड-पावणेदोन लिटर जास्तीचं डिझेल लागणारच. घाटाच्या फेरीत अॅव्हरेज घटलं तर तो गाडीचा दोष नव्हे. उतरताना मात्र बरेच ड्रायव्हर डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात. ते पूर्ण चुकीचं आहे. गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असताना डिझेल पंपाचा गव्हर्नर, म्हणजे डिझेल किती सोडायचं ते ठरवणारा भाग, डिझेल बंद करतो आणि चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिन स्वतःला चालू ठेवायला डिझेल पीतच राहतं आणि गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो.

ब्रेक दुरुस्त झाल्यावर अॅव्हरेज 9.2 वर गेलं. आणखी एक गोष्ट माझ्या डोळ्यात खुपत होती. तासभर चालूनही तापमानाचा काटा खालीच. विचारल्यावर कळलं, मे महिन्यात गाडी तापायला लागली तेव्हा कुणीतरी थर्मोस्टॅट, म्हणजे मिस्तरी ज्याला वॉल म्हणतात तो, काढूनच टाकला होता. खान्देशात हे सर्रास होतं. पंचेचाळीस अंशांत थंड इंजिन कुणाला नको असतं?

इंजिनाला नको असतं. थर्मोस्टॅटच्या पोटात मेणाची कुपी असते. साधारण ऐंशी अंशांपुढे मेण वितळून फुगतं आणि रेडिएटरची वाट उघडतं, तोवर पाणी इंजिनातच फिरून त्याला लवकर गरम करतं. तो नसला की इंजिन सतत गार राहतं, ऑइल घट्ट राहतं, जळणाची उष्णता पिस्टन ढकलण्याआधी सिलिंडरच्या भिंतीत मुरते. गाडी मे महिन्यात तापते त्याचं कारण दुसरीकडे असतं. रेडिएटर उष्णता टाकतो ती पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकाच्या जोरावर. हिवाळ्यातल्या पहाटे हा फरक पंचाहत्तर अंश असतो, मे महिन्याच्या दुपारी चाळीस. ताकद निम्म्यावर आलेली असताना जाळीत फडातलं पाचट आणि धूळ गच्च बसलेली असेल तर गाडी तापणारच. जाळी धुवायची, वॉल काढायचा नाही. आम्ही जाळी आतून बाहेर पाणी मारून धुतली आणि नवा थर्मोस्टॅट बसवला. पुढच्या दोन टाक्यांचं अॅव्हरेज 9.5 भरलं.

राहिलेला फरक थोडा टायरच्या नक्षीचा आहे, तो नानांनी मान्य केलाय, चिखलातून निघायचं तर तेवढं द्यावं लागतं. थोडा धुराचा आहे. एक लिटर डिझेल पुरतं जळायला किमान बारा किलो हवा लागते, म्हणजे दहा हजार लिटर. जीपचा एअर फिल्टर जुन्या पद्धतीचा, तळाशी ऑइल असलेला. काळ्या मातीची धूळ बसून त्याचा गाळ झाला की इंजिनाचा श्वास कोंडतो, आणि जोर लागतो तेव्हा काळा धूर पडतो. फिल्टर धुऊन ऑइल खुणेपर्यंत भरलं, सपाटीवरचा धूर गेला. घाटात अजून पडतो. तोरणमाळला हवा दहा-बारा टक्के विरळ असते, त्यामुळे वरच्या वळणांवर थोडा समजण्यासारखा आहे. पण तो पायथ्यालाच सुरू होतो, म्हणून इंजिनात डिझेल फवारणारे नोझल टिपकत असावेत असा माझा आणि मिस्तरींचा अंदाज आहे. फवारा होण्याऐवजी थेंब पडला की त्याच्या पोटातल्या डिझेलला हवा भेटत नाही, त्याची काजळी होते.

इंजिनाचं म्हणाल तर ऑइलचं झाकण काढून चालू ठेवलं, भपकारे नाहीत. निळा धूरही नाही, म्हणजे इंजिन झिजल्याची खूण दिसत नाही. डिपस्टिकवर ऑइल खुणेलाच आहे. ही शेवटची गोष्ट प्रत्येकानं बघावी. ऑइल कमी झालेलं सगळे बघतात, वाढलेलं कुणी बघत नाही. काही गाड्यांत टाकीतलं डिझेल पुढे ढकलणाऱ्या फीड पंपाचा पडदा फाटला तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, बेअरिंगं जातात. तशी गाडी त्या क्षणी बंद करावी.

सोमवारी नोझल काढून धुळ्याला तपासायला न्यायचे आहेत. नानांनी डॅशबोर्डवर एक शंभरपानी वही ठेवलीय, तारीख, लिटर, मीटर, सात टक्के मिळवून खरे किलोमीटर. कुठंही थांबले की उतरून चारही चाकांजवळ हात नेतात.