वस्त्र आधी बोलतं

१३ मार्च २०१३ च्या संध्याकाळी व्हॅटिकनच्या सज्जात नवे पोप आले. त्यांनी तोंड उघडण्याआधीच पाहणाऱ्यांचं मत बनू लागलं होतं. अशा वेळी पोपच्या खांद्यांवर लाल रंगाचं आखूड आच्छादन असतं, त्याला मोझेट्टा म्हणतात. पोप फ्रान्सिस यांनी ते घातलंच नव्हतं. साधा पांढरा झगा आणि गळ्यात सोन्याऐवजी जुनाच क्रूस. ‘हा माणूस वेगळा आहे’ हा निष्कर्ष लोकांनी तिथल्या तिथे काढला. ८ मे २०२५ रोजी पोप लिओ चौदावे तोच मोझेट्टा घालून सज्जात आले आणि ‘परंपरा परतली’ असं बोललं जाऊ लागलं. दोघांच्याही धोरणांबद्दल तोवर कुणाला काहीच कळलेलं नव्हतं.

इतक्या घाईने मत का बनतं, याचं उत्तर प्रयोगशाळेत बऱ्यापैकी सापडलं आहे. २०२० साली ‘नेचर ह्यूमन बिहेविअर’ या नियतकालिकात ओह, शफीर आणि टोडोरोव्ह यांचा अभ्यास छापून आला. त्यांनी लोकांना चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली. चेहरा तोच, फक्त कपडे कधी थोडे श्रीमंती वाटणारे, तर कधी थोडे गरिबीचे. श्रीमंती कपड्यांतला चेहरा लोकांना अधिक कर्तबगार वाटला. छायाचित्र जेमतेम १२९ मिलिसेकंद दाखवलं तरी तसंच. ‘कपड्यांकडे लक्ष देऊ नका’ असं बजावून सांगितलं, अचूक उत्तराला पैसे देऊ केले, तरीही परिणाम पुसला गेला नाही. म्हणजे हे मत आपण विचार करून बनवत नाही. विचार सुरू होईपर्यंत ते बनलेलं असतं.

पण मग धर्मगुरूंच्या बाबतीत गणित उलटं कसं होतं? तिथे तर साध्या, अगदी फाटक्या वस्त्रालाही मान मिळतो. मला या विषयातला हाच सगळ्यात विलक्षण भाग वाटतो. मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेनरिक यांनी २००९ साली एक विचार मांडला: एखाद्याची श्रद्धा खरी आहे की नाही हे लोक त्याच्या शब्दांवरून कमी आणि त्या श्रद्धेपायी तो काय सोसतो, काय सोडतो यावरून जास्त ठरवतात. साधं वस्त्र हा त्या सोडण्याचा सर्वांना दिसणारा पुरावा असतो. बौद्ध भिक्खूंचं चीवर बघा. भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ असलेल्या विनयपिटकानुसार ते तुकडे जोडून शिवायचं असतं, मगधातल्या भातखाचरांच्या आखणीसारखं. कापून जोडलेल्या कापडाचा कुणाला लोभ वाटत नाही. वस्त्राची बाजारातली किंमत जाणूनबुजून कमी केली आणि लोकांच्या मनातली किंमत वाढली.

अर्थात पाहणाऱ्याला ती खूण वाचता आली पाहिजे. पोप बेनेडिक्ट सोळावे लाल बूट घालत. चर्चच्या परंपरेत तो रंग हुतात्म्यांच्या रक्ताचा. प्रसारमाध्यमांनी मात्र ते एका महागड्या फॅशन कंपनीचे असल्याचं छापलं आणि शेवटी २००८ मध्ये व्हॅटिकनच्या वृत्तपत्राला त्याचा इन्कार करावा लागला. बूट तेच, एकाला त्यात हौतात्म्य दिसलं, दुसऱ्याला चैन.

वस्त्र घालणाऱ्याच्या स्वतःच्या मनावरही परिणाम करतं, असा दावा २०१२ साली डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाच्या प्रयोगावरून केला गेला होता. २०१९ मध्ये तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. पाहणाऱ्यावरचा परिणाम मात्र भक्कम आहे, आणि त्याची एक काळी बाजूही आहे. चीवर किंवा झगा कुणीही शिवून घेऊ शकतो. त्यातून मिळणारा विश्वास घालणाऱ्याने स्वतः कमावलेला नसतो. त्याच्याआधी ते वस्त्र घालून प्रामाणिकपणे जगलेल्यांची ती कमाई असते. म्हणूनच अशा वस्त्रातल्या माणसाने फसवलं की लोकांचा राग नुसत्या गुन्ह्यापुरता राहत नाही. जॉर्डन, सॉमर्स, ब्लूम आणि रँड यांनी २०१७ साली ढोंगीपणावर केलेल्या प्रयोगांत याचं स्पष्टीकरण मिळतं. दुसऱ्यांना नावं ठेवत स्वतः तेच करणारा माणूस लोकांना उघड खोटं बोलणाऱ्यापेक्षाही नकोसा वाटतो, कारण त्याने स्वतःच्या सद्गुणाची खोटी खूण दाखवलेली असते. आपण तसे वागतो हे त्याने आधीच कबूल केलं, तर राग बराच ओसरतो. धर्मवस्त्र ही तर दिवसभर अंगावर मिरवलेली खूण आहे.

ही ताकद नेमकी ओळखून वापरणारे एक धर्मगुरू म्हणजे इंग्लंडमधल्या यॉर्कचे तेव्हाचे आर्चबिशप जॉन सेंटामू. ९ डिसेंबर २००७ रोजी बीबीसीवर मुलाखत चालू असताना त्यांनी आपली पांढरी धर्मगुरूची कॉलर काढली आणि कात्रीने तिचे तुकडे केले. राष्ट्राध्यक्ष रॉबर्ट मुगाबे यांनी झिम्बाब्वेच्या लोकांची ओळख अशीच कापून टाकली आहे, ते पायउतार होईपर्यंत मी कॉलर घालणार नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं, जिथे जातील तिथे, त्यांचा मोकळा गळा पाहणाऱ्याला झिम्बाब्वेची आठवण करून देत राहिला. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुगाबेंनी राजीनामा दिला, तेव्हा त्याच कार्यक्रमात येऊन त्यांनी नवी कॉलर घातली.