माउस ना जॉब्सचा, ना झेरॉक्सचा

‘स्टीव्ह जॉब्सने माउस झेरॉक्सकडून चोरला’ हे वाक्य इतक्या वेळा फिरलंय की आता कुणी तपासतच नाही. त्याआधीची आवृत्ती तर आणखी भन्नाट: माउस अ‍ॅपलनेच शोधला म्हणे!

माउस डग्लस एंगेलबार्ट यांच्या डोक्यातून निघाला. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी 1964 च्या सुमारास पहिला नमुना बनवला. लाकडी ठोकळा, वर एक बटण, खाली काटकोनात बसवलेली दोन चाकं. एक आडवी हालचाल मोजायचं, दुसरं उभी. 9 डिसेंबर 1968 ला एंगेलबार्टनी सॅन फ्रान्सिस्कोत तो जाहीरपणे चालवून दाखवला, 1970 मध्ये पेटंटही मिळालं. तेव्हा जॉब्स पंधरा वर्षांचा होता.

मग झेरॉक्सचं काय? तिथल्या संशोधन केंद्रात 1973 चा ‘ऑल्टो’ संगणक माउसवर चालायचा, हे खरं. पण अ‍ॅपलची माणसं 1979 मध्ये तिथे गेली ती मागच्या दाराने नव्हे. बदल्यात झेरॉक्सला अ‍ॅपलचे शेअर बाजारात येण्याआधीच घेता आले. याला चोरी म्हणायचं की सौदा? माझ्या मते सौदाच, आणि झेरॉक्सला तो पेलला नाही.

अ‍ॅपलचं श्रेय वेगळंच आहे: महागडा, नाजूक, तीन बटणांचा माउस त्यांनी स्वस्त, दणकट आणि एकाच बटणाचा केला. एंगेलबार्टना मात्र पेटंटमधून रॉयल्टी म्हणून दमडीही मिळाली नाही. ते संस्थेच्या मालकीचं होतं.