गाळ चेंबर आणि लिंटची जाळी: लाँड्रीवाल्यांनो, ही दोन वेगळी कामं आहेत

सोलापुरात नवीन लाँड्री टाकणाऱ्या माणसाला ड्रेनेजचं काय केलंय विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "मागं दोन बाय दोनचं चेंबर बांधलंय की, लिंट तिथंच बसतंय." लिंट म्हणजे धुताना कपड्यातनं सुटणारे बारीक तंतू. आणि मग सहा-आठ महिन्यांत बाहेरची लाइन तुंबते, पाणी मशीनखाली येतं, कामगार गुडघाभर साबणाच्या पाण्यात उभे राहतात, आणि मालक म्हणतो चेंबर लहान पडलं, मोठं बांधू. मोठं बांधून पण तेच होतं. कारण गाळ चेंबर लिंट अडवायला बनलेलंच नाही. ते वाळू-माती अडवायला आहे. लिंट अडवायला जाळी लागते, आणि हे इतक्या वेळा इतक्या लोकांना तोंडी सांगून झालंय की आता एकदा नीट लिहूनच ठेवतो.

गाळ चेंबर सगळ्यांना माहितीय, त्यावर वेळ घालवत नाही. विटांचा किंवा आरसीसीचा खड्डा, एका बाजूनं पाणी येतं, दुसऱ्या बाजूनं वरच्या अंगाला पाइप निघतो, जड माल तळाला राहतो. बटणं, नाणी, पिना, शेतातल्या कपड्यांची माती, लॉजच्या पायपुसण्यातली वाळू, हे सगळं त्यात पडतं आणि पडायलाच पाहिजे. गाळ चेंबर काढून टाका असं मी म्हणत नाहीये.

आणखी दोन गोष्टी लोक यात मिसळतात, त्या पटकन संपवतो. नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतल्या ड्रेनखालचं वळणाचं भांडं, वास आणि झुरळं अडवायला असतो, त्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी उभं असतं तेवढंच त्याचं काम, लिंटशी त्याचा संबंध एवढाच की लिंट त्याच्या वळणात अडकून तो सगळ्यात आधी तुंबतो. आणि ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल-तूप अडवायची टाकी, हॉटेलच्या किचनचा. लॉजवाले पैसे वाचवायला लाँड्रीचं पाणी त्याच ग्रीस ट्रॅपमध्ये सोडतात, हे अजिबात करू नका, गरम डिटर्जंटचं पाणी साठलेलं तेल परत पाण्यात मिसळून पुढं ढकलतं आणि ते पुढं लाइनमध्ये गार झालं की पाइपला चिकटतं. विषय संपला.

आता खरा घोळ. लोकांचा हिशोब असा की लिंट म्हणजे कापूस, कापूस भिजला की जड होतो, जड झाला की खाली बसतो. ऐकायला बरोबर वाटतं आणि निम्मं बरोबर आहेच, कापसाच्या तंतूची घनता पाण्याच्या साधारण दीडपट असते, पॉलिस्टरची पण १.३८ च्या आसपास, म्हणजे दोन्ही शेवटी बुडतात. पण प्रश्न बुडतो का हा नाहीच, प्रश्न किती वेळात बुडतो हा आहे. वाळूची घनता २.६५ आणि कण गोटीसारखा, बारीक वाळूचा ०.२ मिलिमीटरचा कण शांत पाण्यात सेकंदाला साधारण दोन सेंटीमीटर खाली जातो, म्हणजे दोन फूट खोल चेंबरचा तळ त्याला अर्ध्या मिनिटात मिळतो. कापसाचा सुटा तंतू १२ ते २० मायक्रॉन जाडीचा, लांब, वेडावाकडा, वर त्याला हवेचे आणि फेसाचे बुडबुडे चिकटलेले. तो त्याच पाण्यात नुसता तरंगत फिरत राहतो, जरा पाणी हललं की खाली गेलेला परत वर.

घरी काचेच्या ग्लासात करून बघा. एका ग्लासात चिमूटभर वाळू, दुसऱ्यात नव्या टॉवेलवरनं खरवडलेलं लिंट आणि दोन थेंब डिटर्जंट, दोन्ही ढवळा आणि ठेवा. वाळू तुमच्यासमोर खाली बसेल, दुसरा ग्लास चहा पिऊन झाला तरी गढूळच असेल.

आता यात मशीनचा डंप, म्हणजे मशीन एकदम पाणी सोडते तो लोंढा, धरा, आणि हीच गोष्ट चेंबर बांधणारा मिस्त्री कधी विचारात घेत नाही. ६० किलोचा वॉशर एका पाण्याला अंदाजे ३०० लिटर पाणी घेतो, धुवायला थोडं कमी, खंगाळायला थोडं जास्त. ड्रेन व्हॉल्व्ह उघडला की ते सगळं मिनिट-दीड मिनिटात बाहेर येतं. तुमचं दोन बाय दोन बाय दोन फुटाचं चेंबर म्हणजे ८ घनफूट, म्हणजे काठोकाठ भरलं तरी २२६ लिटर. म्हणजे एका डंपमध्ये चेंबरातलं सगळं पाणी बदलून वर आणखी पाणी जातं! ज्या लिंटला खाली बसायला निवांत पाणी पाहिजे त्याला चेंबरात मिनिटभर पण मिळत नाही, तेही धबधब्याखाली. चेंबर दुप्पट मोठं केलं तर दोन मिनिटं मिळतील. दोन मशीन एकदम डंप झाल्या तर परत पहिल्यासारखंच.

मग लोक म्हणतात, "पण आम्ही झाकण उघडतो तेव्हा वर लिंटचा जाड थर असतो, तळाला पण असतो, मग ते काय आहे?" ह्याच प्रश्नानं सगळे फसतात, म्हणून नीट वाचा. झाकण कधी उघडता? सकाळी, मशीन सुरू व्हायच्या आधी. रात्रभर पाणी उभं राहिलेलं असतं, रात्री शेवटच्या डंपमधलं जे लिंट चेंबरात राहिलं त्याला सात-आठ तास मिळाले, त्यातलं काही फेसाला धरून वर आलं, काही खाली बसलं. म्हणजे तुम्ही बघताय तो फक्त शेवटच्या एका डंपचा माल आणि कोपऱ्यात अडकलेला थोडाफार जुना. दिवसभराच्या बाकी सगळ्या डंपचा माल केव्हाच पुढं गेलाय. आणि सकाळी पहिली मशीन सुटली की तो थर पण ढवळून निघतो आणि त्यातला बराचसा पाइपात जातो. चेंबर काम करतंय असा पुरावा म्हणून जो थर मालक कौतुकानं दाखवतात, तो दुपारी बाराला, डंप चालू असताना झाकण उघडून दाखवा, नसतो.

खात्री करायची असेल तर सोपी परीक्षा आहे. चेंबरातनं जिथं पाणी बाहेर पडतं त्या पाइपाच्या पुढच्या तोंडाला, पुढच्या चेंबरमध्ये, मच्छरदाणीचा तुकडा सैल पिशवीसारखा बांधा आणि एक शिफ्ट चालवा, पण लक्ष ठेवून, कारण भरली की पाणी मागं येतं. टॉवेलचा लोड असेल तर पिशवीत जे सापडेल ते बघून पुढं मला काही सांगायची गरज पडणार नाही.

आणि आपल्याकडं टॉवेलचाच लोड असतो हेच तर आहे. सोलापूरच्या टेरी (लूपवाल्या) टॉवेलला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, चादरीला आहे, इथल्या लॉजला आणि हॉस्पिटलला टॉवेल इथलाच, आणि नवीन टेरी टॉवेल पहिल्या काही धुण्यांत जेवढं लिंट सोडतो तेवढं नंतर कधीच सोडत नाही. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरच्या लॉजचा माल घेणारे लोक आषाढीच्या आधी नवीन स्टॉक एकदम धुवायला काढतात, लाइन नेमकी तेव्हा तुंबते, आणि दोष पावसाला जातो. नवीन टॉवेल वेगळे धुवा आणि त्या दिवशी जाळी दर दोन-तीन लोडला साफ करा.

तर जाळी. जाळीला वेळ लागत नाही हा तिचा मोठेपणा. तंतू बसायची ती वाट बघत नाही, पाणी जाताना अडवते, आणि एकदा भोकांवर लिंटचा पातळ थर धरला की तो थरच पुढचं बारीक लिंट अडवायला लागतो. तोटा पण तोच, थर जाड झाला की पाणी थांबतं. म्हणून जाळीचा सगळा खेळ क्षेत्रफळाचा आहे, आणि इथं लोक परत चूक करतात, पाइपाच्या तोंडाला चार इंचाची गोल जाळी लावतात, ती दुसऱ्या लोडला बंद होते, कामगार वैतागून काढून फेकतो आणि मालक म्हणतो जाळीचा उपयोग नाही. माझा हिशोब असा की जाळीच्या उघड्या भोकांचं एकूण क्षेत्रफळ पाइपाच्या आठ-दहा पट तरी पाहिजे. चार इंची पाइपाचं तोंड साडेबारा चौरस इंच, दोन फूट बाय एक फूट जाळी, चाळीस टक्के भोकं, म्हणजे ११५ चौरस इंच, नऊ पट. यापेक्षा लहान जाळी मी कुणाला सुचवत नाही.

दोन जाळ्या लावा, एकामागं एक, पहिली १० मिलिमीटर भोकांची चिंध्या, मोजे, पट्ट्यांसाठी, दुसरी ३ मिलिमीटरची. टॉवेलचंच काम असेल तर तिसरी १ मिलिमीटरची. अमेरिकेच्या इंटरनॅशनल प्लंबिंग कोडमध्ये व्यापारी लाँड्रीला बास्केटवाला इंटरसेप्टर सक्तीचा आहे, अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर आणि त्याहून मोठं काही पुढं जाऊ नये, शिवाय दोरे, चिंध्या, बटणं पण नकोत. काहीजण तो अर्धा इंच धरून बसतात. अर्ध्या इंचाच्या भोकातनं बटण पण जातं हो, लिंट काय थांबणार! अर्धा इंच ही कमीत कमी अट आहे, टॉवेलवाल्यानं त्यावर थांबून चालत नाही.

विणलेली तारेची जाळी घेऊ नका, भोकं पाडलेली एसएसची (स्टेनलेस स्टीलची) शीट घ्या. तारेच्या जाळीत तंतू तारेभोवती गुंडाळतो, ब्रशनं पण निघत नाही, शेवटी कामगार ती आपटून आपटून वाकवतो. भोकांच्या शीटवरनं लिंटचा थर गोधडीसारखा सोलून निघतो. जस्त चढवलेली लोखंडी (जीआय) शीट ब्लीचच्या पाण्यात गंजते, ३०४ ग्रेडचं स्टेनलेस चालतं, हॉस्पिटलचं काम असेल आणि हायपोक्लोराइट ब्लीच रोज जात असेल तर ३१६ ग्रेडला पैसे घाला. आणि जाळी चौकटीत घट्ट बसली पाहिजे, कडेला बोटभर फट राहिली तर सगळं पाणी तिथनंच वाट काढतं आणि जाळी दिवसभर स्वच्छ दिसते. जाळी स्वच्छ दिसली की खुश होऊ नका, आधी फट शोधा.

चौकटीला दोन खाचा ठेवा. साफ करताना आधी रिकामी जाळी मागच्या खाचेत सोडायची, मग भरलेली उचलायची. एकच खाच असली की जाळी वर आणि नेमका त्याच वेळी डंप, आठवड्याचं अडवलेलं लिंट एका झटक्यात लाइनीत. ही एवढी साधी गोष्ट अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कुठलाही फॅब्रिकेटर करून देईल, सांगितलं तर. जाळीच्या माथ्यावरनं पाणी वाहून जाईल अशी वाट ठेवा, तिथं १० मिलिमीटरची जाळी, म्हणजे कुणी साफ करायला विसरला तरी पाणी मशीनखाली येणार नाही. जाळीच्या अलीकडं आणि पलीकडं पाण्याच्या उंचीत चार इंचाचा फरक दिसला की साफ करायची, घड्याळ बघून नाही.

क्रम पण सांगतो कारण उलटा करतात: मशीनमागची नाली, मग गाळ चेंबर, मग जाळ्या, मग बाहेर. जाळी आधी लावली की नाणी-पिना आपटून शीट फाटते.

आता जे बघून मला राग येतो ते. टंबलरच्या, म्हणजे कपडे वाळवायच्या मशीनच्या, फिल्टरमधलं कोरडं लिंट पाइप मारून फ्लोअर ड्रेनमध्ये धुवून लावतात. जे लिंट पाण्यात गेलंच नव्हतं ते हातानं नेऊन पाण्यात घालायचं! ते कोरडंच पोत्यात भरा, आणि पोतं टंबलरपासून लांब ठेवा, आपल्या उन्हाळ्यात ते ठिणगीला पेटायला तयारच असतं.

दुसरं, तुंबलं की कॉस्टिक सोडा ओतणं. कॉस्टिकनं तेल जातं, केस विरघळतात, कापूस विरघळत नाही. ज्या गावात प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड धुवून रंगवायच्या कारखान्यात, कापूस कॉस्टिकमध्येच उकळून साफ करतात त्या गावात हे सांगायला लागावं याचं वाईट वाटतं. ॲसिड तर त्याहून वाईट, लाइनीत ब्लीचचं पाणी असलं तर क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत माणूस मरू शकतो.

आणि तिसरं, लाइन तुंबली की माणूस उतरवणं. कुठलंही संरक्षण न देता गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि कायदा नसता तरी जाळीचे पैसे वाचवून कुणाच्या तरी पोराला त्या घाणीत उतरवणं मला मान्य नाही. हॉस्पिटलच्या चादरीतनं सुया येतात, जाळी साफ करणाऱ्याला पण जाड हातमोजे आणि चिमटा द्या.

शेवटचा मुद्दा पाणी परत वापरणाऱ्यांसाठी. इथं नळाला रोज पाणी येत नाही, टँकर आणि बोअरवर धंदा चालतो, त्यामुळं बरेच जण शेवटच्या खंगाळणीचं पाणी टाकीत धरून पुढच्या लोडच्या पहिल्या पाण्याला वापरतात, चांगलं करतात. पण त्या टाकीच्या आधी नुसतं गाळ चेंबर असेल तर लिंट पंपाच्या इंपेलरला (आतल्या फिरत्या चक्राला) गुंडाळतं आणि उरलेलं परत कपड्यावर येतं, काळ्या पँटवर पांढरे तंतू दिसले की गिऱ्हाईक तुमच्या डिटर्जंटला शिव्या देतं. तिथं १ मिलिमीटरच्या पुढं आणखी एक बारीक कापडी पिशवी फिल्टर लावा, दोन पिशव्या ठेवा, एक वाळत एक चालू. बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं, असेल तर साबणाची पावडर बंद करून डिटर्जंटवर या, साबण जड पाण्यात चिकट साका धरतो आणि तो साका लिंटला चिकटला की पिशवी धुवून पण मोकळी होत नाही.