बूट.विम आणि इन्स्टॉल.विम: अपडेट घातलं, पण कुठे?

"आयएसओमध्ये या महिन्याचं अपडेट घातलं, मग सेटअप मध्येच का बंद पडतं?" "ड्रायव्हर घातला, तरी सेटअपला डिस्क दिसत नाही." "विंडोजमधून सेटअप चालवलं की सगळं सुरळीत, पेनड्राइव्हवरून बूट केलं की अडतं." हे तीन वेगळे प्रश्न समजून त्यांना वेगवेगळी उत्तरं दिली जातात: आयएसओ पुन्हा उतरवा, पेनड्राइव्ह बदला, बायोसमध्ये अमुक पर्याय बंद करा. गल्लत मात्र एकच आहे. विंडोजच्या इन्स्टॉलेशन मीडियात, म्हणजे आयएसओ फाइलमध्ये किंवा तिच्यापासून बनवलेल्या पेनड्राइव्हमध्ये, इमेज (विंडोजच्या फाइलींचा एकत्र बांधलेला गठ्ठा, म्हणजेच विम फाइल) एक नसते. सोर्सेस फोल्डरमध्ये बूट.विम आणि इन्स्टॉल.विम या दोन फाइली शेजारी शेजारी असतात, आणि विनआरई.विम (दुरुस्तीसाठीचं छोटं विंडोज) ही तिसरी फाइल इन्स्टॉल.विमच्या पोटात असते. त्यामुळे "आयएसओ अपडेट केला" या वाक्याला काही अर्थच नाही. कुठली इमेज, तिच्यातला कुठला इंडेक्स (क्रमांक दिलेली आतली प्रत), हे सांगितल्याशिवाय पुढचं काही बोलता येत नाही.

इन्स्टॉल.विम बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून तिच्याबद्दल थोडक्यात. डिस्कवर जे विंडोज शेवटी उतरतं ते हिच्यात असतं, प्रत्येक आवृत्तीला एक इंडेक्स. इमेज डिझम या विंडोजच्या कमांडने माउंट करायची (म्हणजे फोल्डरसारखी उघडायची), अपडेटची पॅकेज घालायची, कमिट करून (बदल जतन करून) अनमाउंट करायची. सोर्सेसमध्ये विमऐवजी ईएसडी (तशीच, पण जास्त दाबून लहान केलेली फाइल) असेल तर ती माउंट होत नाही. हवा तो इंडेक्स आधी विममध्ये एक्सपोर्ट करून घ्या. न लागणाऱ्या आवृत्त्या सुरुवातीलाच काढून टाका, नाहीतर तेच काम प्रत्येक इंडेक्सवर पुन्हा करत बसावं लागतं.

इथे एकच गोष्ट ठामपणे सांगण्यासारखी, ती म्हणजे क्रम. भाषा पॅकेज आणि फीचर्स ऑन डिमांड (विंडोजचे ऐच्छिक घटक) आधी, मासिक क्युम्युलेटिव्ह अपडेट (आधीची सगळी अपडेट्स सामावणारं) त्यानंतर, मग रिसेटबेस या पर्यायासह क्लीनअप (जुन्या घटकांची साफसफाई), आणि डॉटनेट ३.५ व त्याचं अपडेट सगळ्यात शेवटी. भाषा नंतर घातली तर तिचे घटक मूळ बिल्डचेच राहतात आणि क्युम्युलेटिव्ह पुन्हा घालावं लागतं. डॉटनेट ३.५ आधी चालू केलं तर इमेजमध्ये अपुरी राहिलेली कामं शिल्लक राहतात, ती पहिल्या बूटलाच पूर्ण होतात, आणि तोवर क्लीनअप ०एक्स८००एफ०८०६ देऊन नकार देतं. हा एरर आला की लोक इमेज बिघडली म्हणून फेकून देतात. इमेज ठीक असते, क्रम चुकलेला असतो. रिसेटबेस केल्यावर आत गेलेली अपडेट्स पुढे अनइन्स्टॉल करता येत नाहीत, एवढं मात्र ध्यानात ठेवा.

आता खरा मुद्दा. बूट.विम ही इन्स्टॉल.विमची छोटी प्रत आहे, किंवा तिच्यात फक्त निळा पडदा आणि पुढे जाण्याचं बटण आहे, असं समजलं जातं. ती स्वतंत्र, पूर्ण चालणारी विंडोज पीई (इन्स्टॉलेशनसाठीचं छोटं विंडोज) आहे. पेनड्राइव्हवरून बूट केल्यावर ही अख्खी फाइल मेमरीत चढते आणि एक्स ड्राइव्ह म्हणून दिसते. भाषा निवडणं, डिस्क शोधणं, पार्टिशन करणं, इन्स्टॉल.विममधला इंडेक्स डिस्कवर उतरवणं, हे सगळं तिच्यातून चालतं. यंत्र पहिल्यांदा रीस्टार्ट होईपर्यंत इन्स्टॉल.विममधली एकही ओळ चाललेली नसते. ती तोवर फक्त उलगडली जाणारी सामग्री असते. रीस्टार्टनंतर बूट.विमचं काम संपतं आणि इन्स्टॉल.विममधून उतरलेलं विंडोज स्वतःच्या पायावर उभं राहतं.

हे एकदा नीट डोक्यात बसलं की ड्रायव्हरचा घोळ आपोआप सुटतो. सेटअपच्या यादीत डिस्कच नाही, याचा अर्थ स्टोरेज कंट्रोलरचा ड्रायव्हर बूट.विममध्ये नाही. इन्स्टॉल.विममध्ये तो दहा वेळा घातला तरी फरक पडणार नाही, कारण ती अजून चालूच झालेली नाही. उलट डिस्क दिसली, फाइली उतरल्या आणि पहिल्या रीस्टार्टला "इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" (बूटची डिस्क गाठता येत नाही) आलं, तर बहुधा ड्रायव्हर बूट.विममध्ये आहे आणि इन्स्टॉल.विममध्ये नाही. स्टोरेजचा ड्रायव्हर दोन्हीकडे लागतो. ग्राफिक्स, आवाज, ब्लूटूथ यांचे ड्रायव्हर बूट.विममध्ये घालणं म्हणजे निव्वळ मेमरी वाया घालवणं.

बूट.विममध्ये दोन इंडेक्स असतात. पहिला साधा विंडोज पीई, दुसरा विंडोज सेटअप. मीडियावरून बूट होतं ते दुसऱ्यातून. कित्येक स्क्रिप्ट पहिला इंडेक्स माउंट करतात, पॅकेज घालतात, यशाचा संदेश दाखवतात, आणि सेटअप होतं तिथेच राहतं. काम दोन्ही इंडेक्सवर करा. एकच करायचा असेल तर तो दुसराच असला पाहिजे. एक्सपोर्ट करताना दुसऱ्या इंडेक्सला बूटेबल हा पर्याय द्या. क्लीनअप आणि एक्सपोर्ट बूट.विमच्या बाबतीत टाळू नका: कमिट केल्यावर विम फुगते, टाकून दिलेल्या जुन्या फाइली आतच पडून राहतात आणि फक्त एक्सपोर्टनेच निघतात. इन्स्टॉल.विम फुगली तर पेनड्राइव्हवरची जागा जाते, बूट.विम फुगली तर कमी मेमरीच्या यंत्रावर बूटच अडू शकतं.

आता सर्वात जास्त लोकांना अडवणारी जागा: सेटअप.ईएक्सई. ही फाइल दोन ठिकाणी असते. एक मीडियाच्या सोर्सेस फोल्डरमध्ये, दुसरी बूट.विमच्या दुसऱ्या इंडेक्समधल्या सोर्सेस फोल्डरमध्ये. बूट.विममध्ये क्युम्युलेटिव्ह अपडेट घातलं की आतली फाइल बदलते, बाहेरची तशीच राहते. दोन्ही तंतोतंत सारख्या नसतील तर इन्स्टॉलेशन फसतं. म्हणजे बूट.विम अजिबात न अपडेट केलेली माणसं यातून सुटतात, आणि अर्धवट अपडेट केलेली अडकतात. "मी तर जास्त काळजी घेतली होती" असं म्हणणारे हेच. उपाय सोपा आहे: दुसरा इंडेक्स माउंट असतानाच त्यातली सेटअप.ईएक्सई बाजूला काढून ठेवा आणि शेवटी मीडियाच्या सोर्सेसमध्ये टाका. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून सेटअपहोस्ट.ईएक्सई ही फाइलसुद्धा याच नियमात येते.

इथेही क्रम आहेच. सेटअप डायनॅमिक अपडेट नावाचं, सेटअपच्याच फाइली ताज्या करणारं, एक वेगळं कॅब पॅकेज (दाबलेल्या फाइलींचा गठ्ठा) असतं. ते कुठल्याही विममध्ये अ‍ॅड-पॅकेजने घालायचं नसतं. एक्सपांडने उलगडून त्यातल्या फाइली मीडियाच्या सोर्सेसवर टाकायच्या असतात. हे आधी करा, आणि बूट.विममधून काढलेल्या सेटअप फाइली त्यानंतर त्यावर टाका. उलट केलं तर जुळलेली जोडी पुन्हा मोडते.

मग विंडोजमधून चालवलेलं अपग्रेड मात्र बरोबर का होतं? कारण त्यात बूट.विम चालतच नाही. चालू विंडोजमध्ये मीडियावरची सेटअप.ईएक्सई सुरू होते, आणि रीस्टार्टनंतरच्या टप्प्यासाठी सेटअप इन्स्टॉल.विममधून विनआरई.विम बाहेर काढून तिच्यात बूट होतं. चालू अपग्रेडमध्ये $विंडोज.~बीटीच्या आत सोर्सेस, सेफओएस या फोल्डरमध्ये ती फाइल डोळ्यांनी पाहता येते. म्हणून "अपग्रेड करून पाहिलं, आयएसओ ठीक आहे" ही चाचणी बूट.विमबद्दल काहीही सांगत नाही. तसंच नवं, कोरं इन्स्टॉलेशन नीट झालं म्हणून विनआरई ठीक आहे, असंही ठरत नाही. दोन वाटा, दोन वेगळ्या इमेज. दोन्ही वाटा तपासल्याशिवाय मीडिया कुणाच्या हाती देऊ नये.

विनआरई.विमला इन्स्टॉल.विमच्या आत, विंडोज, सिस्टम३२, रिकव्हरी या फोल्डरमध्ये गाठायचं. फाइल लपवलेली असते, "सापडत नाही" ही तक्रार त्यातूनच येते. ती बाहेर कॉपी करा, वेगळ्या फोल्डरमध्ये माउंट करा, सर्व्हिसिंग स्टॅकसाठी (अपडेट बसवणाऱ्या घटकांसाठी) एकत्रित क्युम्युलेटिव्ह आणि मग सेफ ओएस डायनॅमिक अपडेट घाला, क्लीनअप, एक्सपोर्ट, आणि तीच एक तयार फाइल प्रत्येक इंडेक्समध्ये परत ठेवा. सेफ ओएसचं पॅकेज फक्त हिच्यासाठी आहे, बूट.विममध्ये किंवा मुख्य विंडोजमध्ये ते घालत बसू नका. एकत्रित पॅकेज विनआरई आणि बूट.विममध्ये स्टॅकसाठी घालताना ०एक्स८००७००७ई हा एरर दिसू शकतो. मायक्रोसॉफ्टच्या नमुना स्क्रिप्टमध्येही तो ज्ञात दोष म्हणून ओलांडला जातो, त्यामुळे तिथे थांबू नका. आकारावर मात्र लक्ष ठेवा. रिकव्हरी पार्टिशन लहान असलं की फुगलेली विनआरई त्यात मावत नाही. जानेवारी २०२४ मध्ये केबी५०३४४४१ ने अनेक यंत्रांवर ०एक्स८००७०६४३ दाखवला तो याच कारणाने: पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा नव्हती.

पॅकेजच्या फाइलींबद्दल दोन गोष्टी. सर्व्हिसिंग स्टॅक आधी, क्युम्युलेटिव्ह नंतर असा जुना पाठ अजून सगळीकडे फिरतो. विंडोज १० च्या २००४ आवृत्तीपासून पुढे, फेब्रुवारी २०२१ नंतर, दोन्ही एकाच पॅकेजमध्ये येतात. वेगळा स्टॅक शोधत फिरण्याची गरज जुन्या आवृत्त्यांनाच उरली आहे. दुसरी गोष्ट २४एच२ ची. तिथे चेकपॉइंट क्युम्युलेटिव्ह आले, पहिलं सप्टेंबर २०२४ चं केबी५०४३०८०. त्यानंतरची मासिक अपडेट्स त्या चेकपॉइंटच्या पायावर बांधलेली असतात. दोन्ही अपडेट्सच्या एमएसयू फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवा, डिझमला शेवटच्या फाइलचा मार्ग द्या, मधली ते स्वतः शोधून घेतं. त्या फोल्डरमध्ये दुसरी काही पॅकेज टाकू नका.

बूट मॅनेजर (विंडोज सुरू करून देणारा पहिला प्रोग्राम) ही आणखी एक विसरली जाणारी जागा. पेनड्राइव्हवरून सर्वात आधी चालते ती ईएफआय, बूट या फोल्डरमधली बूटएक्स६४.ईएफआय. ती कुठल्याच विममध्ये नसते, म्हणून विममध्ये काहीही घातलं तरी बदलत नाही. ब्लॅकलोटस या बूटकिटनंतर (विंडोज सुरू होण्याआधीच घुसणाऱ्या मालवेअरनंतर), म्हणजे सीव्हीई-२०२३-२४९३२ या सुरक्षा त्रुटीनंतर, हे दुर्लक्ष परवडणारं नाही. ज्या यंत्राच्या फर्मवेअरमध्ये २०११ चं विंडोज प्रॉडक्शन पीसीए हे सहीचं प्रमाणपत्र रद्द केलं गेलं आहे, ते जुन्या सहीचा बूट मॅनेजर सिक्युअर बूट (फक्त मान्य सहीचेच प्रोग्राम बूटला चालू देणारी फर्मवेअरची सोय) चालू असताना नाकारतं, आतल्या विम कितीही ताज्या असोत. अपडेट केलेल्या बूट.विमच्या विंडोज, बूट, ईएफआय फोल्डरमधली बूटएमजीएफडब्ल्यू.ईएफआय काढून ती बूटएक्स६४.ईएफआय या नावाने मीडियावर ठेवा. २०११ चं प्रमाणपत्र रद्द झालेल्या यंत्राला लागणारी २०२३ च्या सहीची प्रत शेजारच्या ईएफआय_ईएक्स फोल्डरमध्ये असते. ती वापरायची तर समोरच्या यंत्रात विंडोज यूईएफआय सीए २०२३ हे नवं प्रमाणपत्र आधी नोंदलेलं हवं, नाहीतर तेही बूट होणार नाही. सिक्युअर बूट बंद करा, हा सल्ला या जागी देऊ नये. त्याने दोष झाकला जातो आणि यंत्र उघडं पडतं.

बाकीचे फरक किरकोळ. भाषा पॅकेज बूट.विममध्येही घालता येतं, पण ते फक्त सेटअपच्या पडद्यांसाठी. डॉटनेट तिथे नको. इन्स्टॉल.विम ४ जीबीच्या वर गेली की फॅट३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर मावत नाही. स्प्लिट-इमेजने ३८०० एमबीचे तुकडे करा, पण सगळं काम झाल्यावरच, कारण तुकडे केलेली इमेज पुन्हा माउंट करून अपडेट करता येत नाही. बूट.विमला हा प्रश्न येत नाही. अनमाउंट ०एक्ससी१४२०११७ देऊन अडलं तर त्या फोल्डरमध्ये कुठली तरी खिडकी किंवा कमांड प्रॉम्प्ट उघडा आहे. तो बंद करून पुन्हा अनमाउंट करा, फोल्डर हाताने पुसू नका. आणि "हलकी" केलेली, घटक उपटून काढलेली इमेज पाया म्हणून घेऊ नका. क्युम्युलेटिव्हला हवे असलेले घटकच तिथे नसतात, मग प्रत्येक महिन्याला नवा एरर शोधत बसावं लागतं.

तपासणी आकड्यांनी करा. गेट-इमेजइन्फोला फाइल आणि इंडेक्स दिला की व्हर्जनखाली सर्व्हिसपॅक बिल्ड दिसतो. इन्स्टॉल.विमचा प्रत्येक इंडेक्स आणि बूट.विमचा दुसरा इंडेक्स यांचा हा आकडा एकच हवा. विनआरईचा आकडा सेफ ओएस पॅकेजवरून ठरतो, तो वेगळा असला तर ती चूक नाही. मग दोन्ही सेटअप.ईएक्सईचे हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) ताडून पाहा. शेवटी व्हर्च्युअल मशीनमध्ये सिक्युअर बूट चालू ठेवून आणि नेटवर्क तोडून मीडियावरून बूट करा, आणि त्यानंतर जुन्या विंडोजमधून सेटअप चालवा. त्या वेळी डायनॅमिकअपडेट डिसेबल हा पर्याय द्यायलाच हवा. तो नसेल तर सेटअप स्वतःच ताज्या फाइली उतरवून घेतं आणि मीडियातली जुनी फाइल झाकली जाते.